धक्का जिरविण्याची विद्या

रत्नागिरीस जावयाचें तर समुद्रावरून जावें, असें मुंबईंतील कोंकणी कुटुंबांनीं पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेविलें होतें. त्यांत हौसेपेक्षां निरुपाय अधिक होता. पूर्वेस सह्याद्रीची भिंत. आणि किनाऱ्याच्या कडेनें यावें तर वाटेंत एकामागून एक खाड्या आडव्या : बाणकोटास सावित्री, दाभोळास वाशिष्ठी, जयगडास शास्त्री, आणि थेट रत्नागिरीच्या वेशीवर, भाट्यास, काजळी. आगगाडीनें तर विसावें शतक जवळजवळ संपूं दिलें; रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा कोंकण रेल्वेचा सारा मार्ग खुला झाला तो १९९८ च्या २६ जानेवारीस. तोंवर खुष्कीनें जो कोणी गेला त्यानें कोंकणची भूमि एक तर पायांनीं मोजली, नाहीं तर कमरेनें सोसली.

कमरेनें सोसली हा नुसता अलंकार नव्हे. बैलगाडीची घडण ध्यानांत आणावी. मध्यें तुंबा, भोंवतीं लांकडी आरे, त्यांवर लोखंडी धांव, आणि आंसावर थेट टेकलेला साटा. चाक दगडावर चढलें कीं आंस चढतो, आंस चढला कीं साटा चढतो, आणि साट्यांत बसलेल्या माणसाचा कणा त्याच्याबरोबर चढतो. दगड संपतांच सारी मंडळी एकदम खालीं येतात. मध्यें धक्का घेणारें असें कांहींच नाहीं. गाडीवान खालीं पेंढा पसरी आणि शहाणा प्रवासी त्यावर घोंगडी घाली. तजवीज काय ती एवढीच. मेण्यांतून किंवा डोलींतून जाणारा यापेक्षां सुखी असे, कारण त्याच्या आणि दगडाच्या मध्यें भोयांचे गुडघे असत. गुडघा वाकतो तेव्हां तो धक्का घेतो. आणि स्नायूंच्या ताब्यांत राहून हळूच सरळ होतो तेव्हां घेतलेला धक्का परत उसळूं देत नाहीं. हीं दोन कामें आहेत. यंत्रज्ञांना तीं दोन निरनिराळ्या वस्तूंकडून करून घ्यावीं लागलीं, आणि दुसरें काम पहिल्याहून वेगळें आहे हें पुरतें उमजावयास त्यांना सुमारें शंभर वर्षें लागलीं.

हा सारा इतिहास आज पुन्हां उपयोगी पडावा असें एक निमित्त आहे, आणि तें एका खेळण्याचें आहे. हातभराहून थोडी लांब, चारहि चाकांना जोर असलेली, बिनतारी लहरींवर हुकूम घेणारी आणि वेगाची मुळींच घाई नसलेली अशी ही गाडी असते. तिचें काम पळण्याचें नसून खडकावर रांगत चढण्याचें. म्हणून इंग्रजींत तिला रॉक क्रॉलर हें नांव पडलें. ज्या लहरींवरून घरोघर भाषणें आणि गाणीं ऐकूं येतात त्यांचींच ही धाकटीं भावंडें. रत्नागिरीच्या भोंवतालचा सडा पाहिला म्हणजे ही गाडी येथल्याच कोणी कल्पिली असावी असें वाटूं लागतें. हा जांभ्याचा कातळ. फ्रान्सिस बुकानन यानें १८०७ सालीं छापलेल्या प्रवासवृत्तांत मलबारांतील याच जातीच्या दगडास विटेच्या लॅटिन नांवावरून लॅटेराइट असें नांव दिलें. कोंकणांतील गवंड्यास त्याआधींहि ठाऊक होतें कीं हा दगड खाणींत मऊ असतो, वाऱ्यावर टणक होतो, आणि त्याचे चिरे पाडून घर बांधतां येतें. सड्यावर मात्र तो न कापलेला, उन्हापावसानें खाल्लेला, भोंकाभोंकांचा आणि कंगोऱ्यांचा पसरलेला असतो. दर वितीवर एक खळगा आणि दर हातावर एक पायरी. एक दशांश आकाराच्या गाडीस हाच घाट आणि हीच दरी.

अशी गाडी घेणारा गृहस्थ, मग तो शाळकरी मुलगा असो कीं मुलाचें निमित्त सांगणारा बाप असो, महिन्याभरांत एकच प्रश्न विचारूं लागतो : हिचे शॉक ॲब्सॉर्बर बदलावे काय? गाडीबरोबर आलेले बहुधा प्लॅस्टिकचे असतात. बाजारांत ॲल्युमिनियमचे, निळे, तांबडे, सोनेरी असे चकाकणारे नग मांडलेले असतात, आणि जो अधिक जड, अधिक घट्ट आणि अधिक महाग तो अधिक चांगला, अशी समजूत दुकानदाराच्या बोलण्यावांचूनहि होते. ही समजूत खोटी आहे. ती खोटी कां, हें मोठ्या गाड्यांच्या इतिहासांत शिरल्यावांचून कळत नाहीं.

पहिलें काम, म्हणजे धक्का घेणें, हें कमानीचें किंवा स्प्रिंगचें. रॉबर्ट हुक यानें १६७८ सालीं सांगून ठेविलें कीं स्प्रिंग जितकी ताणावी तितका तिचा जोर वाढतो. त्या नियमाचा प्रवाशांच्या पाठीस उपयोग होण्यास मात्र बराच काळ जावा लागला. घोड्यांच्या गाड्यांचे साटे चामड्याच्या पट्ट्यांवर टांगून पाहण्यांत आले. त्यांत धक्का कमी झाला पण झोका वाढला, आणि प्रवासी जमिनीवर असून बोट लागल्याप्रमाणें आजारी पडूं लागले. १८०४ सालीं लंडनच्या ओबडाया इलियट यानें पोलादी पात्यांच्या दोन कमानी तोंडास तोंड लावून अंड्याच्या आकाराची जोडी केली आणि ती आंसावर बसविली. जड लांकडी सांगाडा गेला, गाडी हलकी झाली. आज मालमोटारींच्या मागें दिसणारे कमानपाटे हे त्याच कुळांतले.

परंतु कमानीचा एक जन्मजात दोष आहे. ती धक्का नाहींसा करीत नाहीं, फक्त उसना घेते. घेतलेलें सारें परत करते, आणि तेंहि एका हप्त्यानें नव्हे. दगड मागें पडला तरी गाडी वरखालीं होतच राहते. घोड्याच्या चालीवर हें खपून गेलें. पात्यांचें एकमेकांवरील घासणें थोडा झोका खाऊन टाकीत असे आणि उरलेला प्रवासी खात असत. मोटार आली आणि वेग वाढला, तेव्हां पहिल्याच दगडाची उसळ संपण्यापूर्वीं दुसरा दगड येऊं लागला. चाक हवेंत राहूं लागलें. आणि हवेंतल्या चाकास ब्रेक लावून कांहीं उपयोग नाहीं, सुकाणूं फिरवूनहि नाहीं. घाटाच्या वळणावर हा विषय सुखाचा उरत नाहीं, जिवाचा होतो. आंबा घाट उतरणाऱ्या मोटारीचे शॉक ॲब्सॉर्बर निकामी झाले असतील तर प्रवाशाची झोंप मोडेल हें त्यांतलें सर्वांत किरकोळ नुकसान होय.

दुसऱ्या कामासाठीं पहिला उपाय निघाला तो घर्षणाचा. फ्रान्समधील त्र्युफो यानें लांकडाच्या वा चामड्याच्या चकत्या धातूच्या चकत्यांत दाबून धरणारी एक बिजागरी केली, आणि अमेरिकेंत हार्टफोर्ड यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं ती खपविली. कमान हलली कीं चकत्या घासत आणि झोका उष्णतेंत जिरे. युक्ति साधी, पण तिच्यांत एक खोड होती, आणि आपल्या खेळगाडीच्या दृष्टीनें सगळा इतिहास याच खोडीवर येऊन थांबतो. घर्षणास वेग कळत नाहीं. लहानशा खड्यावर, जेथें चाकानें हळूच वर सरकावें, तेथें चकत्या आधीं हलतच नाहींत. कमान असून नसल्यासारखी होते. आणि मोठा दणका आला कीं त्याच चकत्या तेवढाच विरोध करतात, अधिक नाहीं. म्हणजे जेथें मोकळीक हवी तेथें अडवणूक, आणि जेथें अडवणूक हवी तेथें अपुरेपणा.

तेलानें ही खोड घालविली. अरुंद छिद्रांतून तेल हळू ढकलावें तर तें मुकाट्यानें जातें. जोरानें ढकलावें तर भांडतें. मोरीस हुदाय या फ्रेंच माणसाच्या नांवाचीं तरफेचीं, आंत पातीं फिरणारीं शोषकें फोर्डनें आपल्या १९२८ च्या ‘मॉडेल ए’ गाडीवर बसविलीं. त्यानंतर नळींत नळी सरकणारा, दुर्बिणीसारखा लांबणारा आणि आखडणारा नमुना आला, आणि तोच टिकला. त्यांतहि एक अडचण होतीच. दांडी आंत शिरली कीं ती जागा व्यापते. तेल दाबलें जात नाहीं. तेव्हां तेवढ्या तेलानें जावें कोठें? म्हणून बाहेर दुसरी नळी व तींत थोडी हवा ठेवीत. पण खडबडीत रस्त्यावर हवा व तेल घुसळून फेंस होई, आणि फेंसास कसला आला विरोध! १९५० नंतरच्या दशकांत फ्रान्समधील द कार्बों यानें सरकत्या बुचानें तेल आणि दाबलेला वायु यांना एकाच नळींत वेगळें केलें, आणि बिल्स्टीन या जर्मन कंपनीनें तें मोठ्या प्रमाणावर काढलें.

मुंबईंत महिंद्र यांच्या कंपनीनें विलीज जीप जोडण्यास सुरुवात केली ती १९४७ सालीं. शॉक ॲब्सॉर्बर करणारी गॅब्रिएल इंडिया मुंबईंतच १९६१ सालीं निघाली. महायुद्धांतून आलेली ती जीप म्हणजे आजच्या खडक चढणाऱ्या खेळगाड्यांची खरी आजी. चार कमानपाटे, चार तेलाचे शॉक ॲब्सॉर्बर, चारहि चाकांना जोर. तिच्या पुढच्या डाव्या कमानीखालीं कारखान्यानें एक जादा पातें बसविलेलें असे, हें फार थोड्यांच्या लक्षांत येतें. इंजिनाचा पीळ दांड्यांवाटे आंसांस पोंचतो तेव्हां गाडीचें अंग एका बाजूस मुरडतें. तें आवरण्यासाठीं तें पातें. ही आजीची खोड नातीनें जशीच्या तशी उचलली आहे, तिच्याकडे पुढें यावयाचें आहे.

नातीचा दुसरा पूर्वज निकोला टेस्ला. त्यानें १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें पाण्याच्या हौदांत एक लहान नौका बिनतारी लहरींनीं चालवून दाखविली. खेळण्यांत ही विद्या उतरण्यास यंत्रें लहान व स्वस्त व्हावीं लागलीं. जपानांतील शिझुओका येथल्या तामिया कंपनीनें १९७६ मध्यें विजेवर चालणारी पोर्शे गाडी जुळणीच्या संचांत विकली. १९८७ मध्यें तिनेंच ‘क्लॉड बस्टर’ नांवाची, चारहि चाकें वळविणारी मोठी गाडी काढली, आणि अमेरिकेंतील हौशी लोक ती मोडून, जोडून, दगडांवर चढवूं लागले. पुढें याच कामासाठीं मुद्दाम घडविलेल्या गाड्या निघाल्या. ट्रॅक्ससची ‘टीआरएक्स-४’ ही २०१७ ची.

मोठ्या गाडीचें लहान रूप म्हणजे सर्व गोष्टी दहापटीनें लहान, असें मात्र घडत नाहीं. गॅलिलिओनें १६३८ सालींच दाखविलें होतें कीं लांबी दहापट घटली तर वजन हजारपट घटतें. सुमारें अकराशें किलोची जीप या हिशेबानें एक किलोच्या आसपास यावी. बॅटरी, मोटार आणि धातूचे आंस यांमुळें खेळगाडी प्रत्यक्षांत अडीच-तीन किलो भरते, म्हणजे दर चाकावर सहाशें-सातशें ग्रॅम. पण नळीच्या तोंडाशीं दांडीस आवळून धरणाऱ्या रबरी कडीचें घासणें हजारपट घटत नाहीं. मोठ्या गाडीच्या साडेतीनशें किलोंच्या पाइकास ती कडी जाणवतहि नाहीं. सहाशें ग्रॅमांच्या बाळास ती पायांतली बेडी होते.

झोक्याचाहि हिशेब असाच बदलतो. गाडी आपल्याच वजनानें स्प्रिंगवर किती दबते यावर तिच्या झोक्याची गति ठरते. पंचवीस सेंटिमीटर दबणारी सेकंदास एक झोका घेते; अडीच सेंटिमीटर दबणारी तीनाहून थोडे अधिक. म्हणून खेळगाडी स्वभावतःच नाचरी, आणि तिचा नाच थांबविण्यास घट्ट तेल घालावें असें प्रथम वाटतें. येथें वेगाचा विचार केला पाहिजे. कातळावर रांगतांना पिस्टन समजा सेकंदास पांच मिलिमीटर सरकतो. दहा सेंटिमीटरांच्या पायरीवरून गाडी सुटली तर तीच गति सेकंदास एक मीटर चाळीस सेंटिमीटर होते. तेलाचा विरोध वेगाबरोबर वाढतो. अर्थात् पडतांना तो जितका असतो त्याच्या दोनतीनशाव्या हिश्श्याएवढाच रांगतांना असतो, म्हणजे जवळजवळ नसतोच. रांगणाऱ्या गाडीच्या चाकास दगडाशीं चिकटूं न देणारी वस्तु तेल नव्हे, कडीचें घासणें होय. त्र्युफोच्या चकत्यांची खोड शंभर वर्षांनीं चकचकीत ॲल्युमिनियमच्या नळींतून परत आली आहे.

यावरून निवडीची कसोटी आपोआप ठरते. नग हातीं घ्यावा, स्प्रिंग काढावी, नळी आडवी धरावी आणि दांडी एका बोटानें अगदीं हळू आंत सारावी. ती न अडखळतां, न करकरतां सरकली तर नग घ्यावा; आधीं अडून मग एकदम सुटली तर सोन्याचा असला तरी परत द्यावा. या परीक्षेंत कित्येकदां गाडीबरोबर आलेलें गरीब प्लॅस्टिकच पहिलें येतें. त्याला वाईट वाटून घेण्याचें कारण नाहीं. ॲल्युमिनियमचे गुण निराळे आहेत : त्याचे आटे झिजत नाहींत, झांकण गळत नाहीं, उन्हानें नळी फुगत नाहीं. पण तें जड असतें, आणि त्याचें वजन गाडीच्या वरच्या भागांत जातें. चढावर उलटणाऱ्या गाडीस वरचें वजन शत्रूसारखें. लांबीचाहि मोह आंवरावा. लांब नग घातला कीं गाडी उंच होते आणि ज्या दगडावर ती पूर्वीं चढे त्याच दगडावर आडवी होते.

जुळवणींत पहिला मान स्प्रिंगचा. बॅटरीसह गाडी सपाट फरशीवर ठेवावी, दोनदां दाबून सोडावी आणि दांडी किती आंत गेली तें पाहावें. एकंदर चाल तीस मिलिमीटर असेल तर दहा ते पंधरा मिलिमीटर नुसत्या उभें राहण्यांत खर्च झाले पाहिजेत. हें दुबळेपण नव्हे. कातळावर चाकास वर चढावयाचें असतें तितकेंच खळग्यांत खालीं उतरावयाचें असतें, आणि ही खालची चाल या शिलकेंतूनच मिळते. स्प्रिंगवरील कडें आवळलें म्हणजे स्प्रिंग कडक होते हा सार्वत्रिक भ्रम आहे. कडें आवळल्यानें गाडी फक्त वर उचलली जाते; कडकपणा तारेच्या जाडीवर आणि वेटोळ्यांच्या संख्येवर असतो. मात्र आजीची ती मुरड आवरण्यास हें कडें उपयोगी पडतें. चढावर जोर लावतांच गाडी ज्या कोपऱ्यावर दबते त्या कोपऱ्याचें कडें एखादा फेरा आवळावें. जीपच्या जादा पात्याचेंच हें काम.

मग तेल. तें सिलिकोनचें असावें, कारण उन्हांत आणि थंडींत त्याचा दाटपणा खनिज तेलाइतका बदलत नाहीं, आणि वैशाखांत सड्यावरचा कातळ किती तापतो हें अनवाणी चाललेल्यास विचारावें. दाटपणाचें माप सेंटिस्टोक. पाणी सुमारें एक. आरंभास तीनशें ते चारशें पुष्कळ. त्यापेक्षां मोठा फरक पिस्टनच्या छिद्रांनीं पडतो. प्वाझेय या पॅरिसच्या डॉक्टरानें रक्त बारीक नळ्यांतून कसें वाहतें याचा छडा लावतांना १८४० च्या सुमारास असें शोधून काढलें कीं प्रवाह नळीच्या व्यासाच्या चौथ्या घातानें बदलतो. एक मिलिमीटरचें छिद्र सव्वा नव्हे, नुसतें एक पूर्णांक दोन दशांश केलें कीं विरोध जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणून छिद्र मोठें करण्यापूर्वीं दोनदां विचार करावा. तेल बदलतां येतें, छिद्र बुजवितां येत नाहीं. भरतांना नळी उभी धरून पिस्टन सावकाश वरखालीं करावा, बुडबुडे वर येऊं द्यावे आणि घटकाभर वाट पाहावी. तीन मिलिमीटर जाडीची दांडी तीस मिलिमीटर आंत गेली तर एक मिलिलिटरचा सुमारें पांचवा हिस्सा जागा खाते. ती जागा देण्यास वरच्या झांकणांत रबराची लहानशी टोपी असते. घाईनें झांकण लावणारा तेथें हवा कोंडतो आणि द कार्बोंनें ज्या फेंसाशीं झगडा केला तो स्वतःच्या हातानें परत आणतो.

रत्नागिरीस एवढ्यानें संपत नाहीं. जांभ्याची तांबडी धूळ लोहाच्या कणांची असते आणि रबरी कडीस ती कानशीसारखी घासते. समुद्राची खारी हवा पोलादी दांडीस बारीक पुटकुळ्या आणते, आणि त्यांपैकीं एक कडीखालून गेली कीं तेल गळूं लागतें. खेळ संपल्यावर दांडी कोरड्या फडक्यानें पुसावी. वरून तेल लावूं नये, कारण त्यास धूळ चिकटते. वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या गांवीं पावसाळ्याआधीं नळ्या उघडून ठेवणें बरें. आंतलें तेल गेरूच्या रंगाचें झालें असेल तर कडी गेली असें समजावें.

एक गोष्ट याहून मोठी आहे. हाच सडा हजारों वर्षांपूर्वींच्या माणसाची पाटी आहे. उक्षी, जांभरुण, कशेळी, देवीहसोळ, बारसू येथील कातळशिल्पें, आणि त्यांबरोबर आणखी कांहीं ठिकाणें, २०२२ मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत नोंदलीं गेलीं. कशेळीस एका प्रचंड हत्तीच्या अंगांत इतर पशुपक्षी कोरलेले आहेत. पण नोंद न झालेल्या रेषाहि सड्यांवर आहेत, त्यांना कुंपण नाहीं, आणि त्या इतक्या उथळ असतात कीं भर दुपारीं त्यांवर उभा असलेल्यासहि दिसत नाहींत. सकाळीं किंवा सायंकाळीं ऊन तिरपें झालें म्हणजे त्यांच्या कडांस सांवली येते. त्या वेळीं एकदां पायीं फिरून जागा पाहावी, आणि गाडी न्यावयाची तर सोडून दिलेल्या, कोरड्या चिरेखाणींत न्यावी. पाणी भरलेली खाण मुलांसह टाळावी हें सांगावयास नकोच.

अशा खाणींत चिरे काढून उरलेल्या, वीतभर उंचीच्या, कोनींत धरून कापाव्या तशा सरळ पायऱ्या असतात. कातळावर एवढी नेटकी परीक्षा दुसरीकडे मिळणें कठीण. गाडी कडेपर्यंत रांगत न्यावी आणि पुढचीं चाकें सोडावीं. ती आदळून दोनतीनदां उसळली तर तेल पातळ आहे. दगडासारखी बसली आणि मागचें चाक वर उचललें गेलें तर दाट आहे. एकदां खोल दबून, एकदांच वर येऊन जागच्या जागीं थांबली, तर झांकणें बंद करून तेलाची बाटली पिशवींत ठेवावयास हरकत नाहीं.